टेप गरम होतोय, शेठ

माझी शाळा आठवीत सुटली, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. भाईंदर पूर्वेला सावंतशेठच्या दुकानात मी गाड्यांना टेप बसवायचो. प्रत्येक फिटिंगनंतर एखादा स्क्रू उरायचा आणि एखादा किस्सा. स्क्रू बरणीत जायचे. किस्से माझ्याकडेच राहिले.

आधी मी काउंटरवर कॅसेटी विकायचो. मग एका वर्षी शेठनी पहिल्यांदा एकट्याने फिटिंग करायला दिलं. माझे टेप खड्ड्यांतही खडखडायचे नाहीत. शेठ ते कौतुकाने सांगायचे.

मग तक्रारी आल्या.

*

पहिला फोन एका बाईंचा. म्हणाल्या, "तुमची कॅसेट फारच गरम निघाली हो."

शेठ सावरून बसले. "मॅडम, आमच्याकडे फक्त भजनं आणि फिल्मी. तसलं आम्ही ठेवत नाही."

आणि फोन ठेवला.

*

काशीगावचा एक टेम्पोवाला. इंजिन तापलं की पाणी ओतायचं, एवढं त्याला ठाऊक. टेप तापल्यावर त्याने तेच केलं. वर तक्रार अशी, "शेठ, पाण्याचं झाकण कुठंय? सापडेना, म्हणून कॅसेटच्या तोंडातून ओतलं."

*

उत्तनचे अंतोनकाका तीनदा आले. पहिल्यांदा शेठनी फ्यूज बदलला, दुसऱ्यांदा बाहेरची वायर. तिसऱ्यांदा काकांच्या हातात पुरीसारखी फुगलेली कॅसेट होती.

"गानी न्हाय वाजली तरी चालंल," काका म्हणाले. "बायको म्हणते, ह्याच्यावर बोंबील भाजून होतील."

शेठनी मला बजावलं, चौथ्यांदा आले तर तू परत काउंटरवर. मग स्वतः टेप बाहेर ओढला. मागून करपलेला स्पंजचा तुकडा पडला. शेठनी कचरा समजून तो लाथेने सरकवला आणि कंपनीला शिव्या देत वायरी तपासायला लागले.

खडखड होऊ नये म्हणून तो स्पंज मीच कोंबला होता. नेमका गरम हवा निघायच्या जागी. गप्प राहिलो असतो तरी काकांचा टेप आता बरा झालाच होता. पण बाकीच्या गाड्या?

चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. तरी म्हणालो, "शेठ, तो कचरा नाही. मी भरलाय."

शेठनी स्पंज उचलून बघितला. "अजून किती गाड्यांत?"

"अकरा."

काका पोट धरून हसले. शेठ हसले नाहीत. म्हणाले, सगळ्यांकडे जा. एक जरी टेप जळाला, तर काउंटरसुद्धा विसर. आणि कुणी विचारलं तर सांग, फ्री सर्व्हिस.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी बेव्हर्ली पार्कला गेलो. तिथले देसाईअंकल साबणाच्या ऑर्डरी घेत दिवसभर गाडीतच फिरायचे. निघतच होते. मी काच वाजवली. 'फ्री सर्व्हिस' म्हणायला तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर पडलं. स्पंज मी भरला, त्याने टेप तापतो, काढायला आलोय.

अंकल एकदम घाबरले.

"काढू नको रे! दुपारपर्यंत डबा गरम राहतो."

मी बाजूच्या सीटवर बसलो, टेपवरचा डबा दोन्ही हातांनी उचलला, त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पहिला स्क्रू फिरवला.