मी आटपून टाकलेली सिरीज

मी अंबूशी खोटं बोलले आणि पंधरा दिवसांत ती गेली.

डॉक्टर म्हणाले शुगर, मग किडनी. माझ्या खोट्याचा त्यात काही हात नाही, कळतंय मला. तरी मन खातंय.

आज तिचा दहावा होता. तिथून आले, चप्पल काढली आणि सरळ लिहायला बसले.

अंबू म्हणजे माझी लहानपणची शेजारीण. सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मी नववीत, ती शाळा सोडून विड्या वळणारी. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, शिव्या दोन्हीत.

टीव्ही कसला डोंबलाचा! अख्ख्या गल्लीत रेडिओ तीन.
आणि पोरींनी टॉकीजची पायरी चढायची नाही, हा आमच्या वडिलांचा कायदा.

अंबूचा मामा टॉकीजवर डोअरकीपर. ती प्रत्येक पिक्चर फुकटात बघून यायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर सगळ्यांना सांगायची. सात-आठ बायका, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. मी आपली विडीची पानं कापून द्यायला.

सांगणारीचे हात थांबतात. अंबू तर फायटिंगसुद्धा करून दाखवायची.
म्हणून तिथली रीतच होती. जी गोष्ट सांगेल, तिच्या सुपात बाकीच्यांनी आपापल्या थोड्या थोड्या विड्या टाकायच्या. तिचं काम मागं पडायला नको.

कुणी कधी कां-कू केलं नाही.

एकदा माझी आई सरकारी दवाखान्यात होती. पंधरा दिवस झाले तरी ताप उतरेना. त्यात अंबू नेमका एका आईची गोष्ट असलेला पिक्चर बघून आलेली. शेवटचा सीन. आई खाटेवर, मुलगा लांबून पळत येतोय.

माझी कात्री थांबली.

अंबूनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "आनि आईनं डोळं उघडलं की! म्हनती, बाळा, जेवलास का?"

बायका खूश. मी पण. त्या रात्री मला झोप लागली.
माझी आई पुढं बरी होऊन घरी आली.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तोच पिक्चर टीव्हीवर लागला.
त्यात आई मरते. चांगली चिता-बिता दाखवलीय.

माहेरी गेल्यावर अंबूला धरलंच. "काय गं, खोटं सांगितलंस मला?"

"मग काय करू बे? तुझं तोंड बघायचं हुतं. कात्री बोटात घालून घेतली असतीस."

गेल्या तीन वर्षांत सगळं उलटं झालं.
शुगरनं अंबूची नजर गेली. मी गुडघ्यांमुळं घरात. मुलानं मोबाईलवर सिरीज बघायची सोय करून दिली, आणि मी बघत सुटले.

रोज चारला अंबूचा फोन. "हां शैले, फुडं काय झालं?"

"तुमच्याकडं टीव्ही नाही का गं?"

"हाय की. आवाज येतो. पन कोन कुनाकडं कसं बगितलं, ते कोन सांगनार?"

पोलिसांची सिरीज सांगितली. त्यात सगळे अंधारात कुजबुजतात. अंबू म्हणे, "लाईट बिल जास्त येतंय व्हय त्यास्नी?"
बंगलेवाल्यांची सांगितली. भाऊ भावाला विष घालतो, तेही काचेच्या ग्लासातून. "येवढी श्रीमंती, आनि एकत्र बसून जेवनं न्हाईत," ती म्हणाली. मी आठ भाग बघून जे कळलं नव्हतं, ते तिला फोनवर कळलं.

मग ती खानावळीची सिरीज. खानावळ चालवणारी विधवा आणि तिची हरवलेली मुलगी. मुलगी सापडते-सापडते आणि निसटते. अंबूचा जीव त्यात अडकला. आईनं कुठली साडी नेसली होती, हात कसा धुतला, सगळं पाहिजे. तासतासभर.

मला खरं तर पहिले दोन सीझन आवडले. मग नुसतं पाणी घालून वाढवलेली आमटी. मी दीडपट स्पीडनं बघायला लागले. मग तेही होईना. चार वाजले की वाटायचं, आज फोन नको यायला.

एक दिवस सांगून टाकलं, "अंबू, मुलगी सापडली. संपली सिरीज."

ती मग म्हणाली, "आई काय म्हनली गं तिला बगून?"

"रडली."

"बास?"

"बास."

"बरं. लई चांगलं झालं."

फोन ठेवला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हो, सुटल्यासारखंच. लाज वाटते लिहायला, पण खरं तेच लिहितेय.
नंतर तिचा चारचा फोन आला नाही. मीही केला नाही.

आज दहाव्याला तिची सून जवळ येऊन बसली. सासूला ती तेलुगूत अत्तम्मा म्हणते. म्हणाली, "काकू, ती खानावळीची सिरीज मी पन बघते मोबाईलवर. अत्तम्मा शेजारी बसून ऐकायच्या. पोरगी अजून कुटं सापडलीय?"

माझी मान वर होईना.

"मी म्हटलं त्यांना, शैलाकाकूंना विचारा की, असं का सांगितलं. तर म्हनल्या, गप. तिचं गुडघं दुखत्यात, दमली आसंल. तिनं माज्यासाटी पोरगी घरी आनली. आता मी कशाला परत हरवू?"

अंबू, तू माझ्यासाठी खोटं बोललीस. मी तुला टाळायला बोलले.
आणि तू माझं खोटंसुद्धा तुझ्या खोट्याच्या रांगेत नेऊन बसवलंस.

तुझ्या सुपात टाकायची पाळी माझी होती गं. दिवसातला एक तास. तेवढ्यातही मी हात आखडता घेतला.

श्रद्धांजली वाहायला तोंड नाही मला. माफ कर, एवढंच म्हणते.

आता चार वाजलेत. फोन समोर ठेवलाय.
नीट जा, अंबू.