पुढं कळवा

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली कोणी आजारी पडलं की मिनिटभरात जोडलेल्या हातांचा ढीग पडतो. त्यातले किती जण खरोखर डोळे मिटतात, हा माझा जुना संशय. मीही अंगठ्यानं हात जोडते आणि भाजी फोडणीला टाकते, तेव्हा फार बोलायला नको.

आई होती तोवर हे काम घरच्या लँडलाइनवर चालायचं. छावणीतल्या आमच्या चर्चच्या बायकांची प्रार्थना-साखळी होती. कोणावर संकट आलं की पहिलीनं दुसरीला फोन करायचा, दुसरीनं तिसरीला. 'सलाम' म्हणायचं, आम्हा ख्रिस्ती लोकांचा नमस्कार तोच, मग विषय सांगायचा, 'पुढं कळवा' म्हणायचं आणि फोन ठेवायचा. गप्पा बंद, कारण बायका गप्पांना लागल्या की साखळी दुपारपर्यंत तिथंच अडकायची. शेवटच्या बाईनं पहिलीला फोन करून 'आमेन' सांगितलं की साखळी पुरी. आई नियमाची इतकी पक्की, की समोरून 'हॅलो' यायच्या आत निम्मं सांगून मोकळी व्हायची.

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं त्या सकाळी माझा भाऊ त्यांच्यासोबत दवाखान्यात होता. उजाडताच आईनं साखळीतल्या मैत्रिणीला फोन लावला. "सलाम बाई. आज ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. प्रार्थना करा, पुढं कळवा." झालं. मग स्टूल ओढून ती 'आमेन'ची वाट बघत बसली.

आमेन काही येईना. तिनं पुन्हा तोच नंबर लावला, एंगेज. परत लावला, एंगेज. "बसली असेल बोलत," आई म्हणाली, आणि त्या मैत्रिणीबद्दल आणखी दोन वाक्यं बोलली, ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. निघायची वेळ टळत चालली, तशी मी चिडले. "आई, देव काय टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलाय? तुझ्या एकटीची प्रार्थना त्याला ऐकू येत नाही?"

"येते," ती म्हणाली. "पण आज माझ्या एकटीच्यानं होत नाही गं."

आईला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांसाठी फोन केले आणि नवऱ्याच्या वेळेलाच साखळी तुटली, हे तिच्या मनानं घेतलं. शेवटी आम्ही रिक्षानं दवाखाना गाठला.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी बाबांनी डोळे उघडून पाणी मागितलं तेव्हा मला रडूच फुटलं. आई मात्र त्यांचा हात धरून बसली तरी धास्तावलेलीच होती. डॉक्टर सांगत होते ते तिच्या कानापर्यंत पोचत होतं, मनापर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी डबा करायला आम्ही दोघी घरी आलो, तर फोन वाजला. मी उचलला. एक अनोळखी बाई विचारत होती, "तुमच्या मालकाचं कसं झालं?"

"कोण बोलतंय?"

"मी हर्सूलहून बोलतेय. काल तुमचा फोन आला व्हता. राँग नंबर म्हणायच्या आत तुम्ही ठेवून दिला. आमच्या फोनवर नंबर उमटतो, पण म्हटलं अशा वक्ताला कशाला त्रास द्यायचा? 'पुढं कळवा' म्हणलात, तर कळवलं. सलाम म्हणलात, म्हणून आधी वरच्या मजल्यावरच्या खालांना सांगितलं. त्यांनी नमाजनंतर दुआ मागितली. मग सिल्लोडला नणंदेला. ती मारुतीला नारळ बोलली, तिनं जावांना सांगितलं. लई जणींना कळवलं बघा. सकाळभर फोन सोडला नाय."

तेव्हा उलगडा झाला. आईच्या मैत्रिणीनं घर बदललं होतं, नंबरही बदलला होता. आईच्या बोटांना मात्र जुनाच पाठ होता.

आईला हे सांगताना मी जरा बिचकत होते. आमच्यातल्याच काहींनी मारुतीचा नारळ ऐकून नाक मुरडलं असतं. बाहेरही ख्रिश्चन बाई प्रार्थना करा म्हणतेय म्हटल्यावर भुवया उंचावणारे कमी नाहीत. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे साखळी पुरी झाली होती," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. कालपासून पहिल्यांदा तिनं मोकळा श्वास घेतला. मलाही एकदम हायसं वाटलं.

मग तिनं माझ्या हातातून फोन घेतला. "ताई, हे बरे आहेत. आता तुमचं सांगा. तुमच्या घरी कोणाचं काय आहे? मी पुढं कळवते."

मी कान लावून उभी होते.  ती बाई हळूच म्हणाली, "मला असं कोणी विचारलंच नाय हो आजवर," आणि रडायला लागली.

आई फोन धरून बसून राहिली. मी डबा भरला आणि एकटीच दवाखान्यात गेले. आईला उशीर होईल, ती फोनवर आहे, असं बाबांना सांगितलं.

"कोणाशी बोलतेय?" त्यांनी विचारलं.

मला तर त्या बाईचं नावही माहीत नव्हतं. "साखळीतल्या बाईशी," मी म्हणाले.