साहेबांचं गाव आणि आमचे इस्माईलभाई

इस्माईलभाईंची आणि माझी पहिली गाठ कुवेतच्या धक्क्यावर पडली. बोट लागून मी अर्धमेला झालो होतो. “रत्नागिरीचे ना? चला घरी,” म्हणत त्यांनी माझी ट्रंक उचलली आणि मला हवल्ली भागातल्या आपल्या खोलीवर नेलं. नाव विचारलं ते पोटभर माशाचं कालवण वाढून झाल्यावर.

पुढे आम्ही एकाच ऑफिसात होतो. ते टायपिस्ट, मी स्टोअरमध्ये. आमचे इंग्रज साहेब फावल्या वेळात आपल्या खेड्याचा इतिहास लिहीत. जेमतेम एक चर्च, एक पिठाची गिरणी, पण नावाजलेली माणसं ही एवढी! कागद टाइप करायचं काम इस्माईलभाईंनी आपणहून घेतलं. त्या माणसांचा त्यांना असा लळा लागला, की चहाला बसलं की “आमचा कॅप्टन”, “आमचा गिरणीवाला”, “आमच्या शाळेच्या बाई” सुरू!

गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘मरहूम’ लावल्याशिवाय इस्माईलभाईंचं तोंड उघडत नाही. टाइप करतानाही त्यांनी प्रत्येक नावाआधी ‘लेट’ घातलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यालासुद्धा! मी हसलो, तर म्हणाले, “मेल्या माणसाचं नाव असं उघडंबोडकं कसं लिहायचं हो, भाऊ?” इतिहासात आलेलं माणूस हयात असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

साहेब रजेवर गेले. कागद न चाळताच त्यांनी गावच्या सभेत वाचून दाखवले. आठवड्याभरात तार आली: “शाळेच्या बाई जिवंत आहेत. मी येईपर्यंत टायपिंग बंद.”

इस्माईलभाईंचा चेहरा पांढराफटक पडला. नोकरी गेली की इथं राहण्याचा परवाना, अकामाही गेला, आणि गावाकडे पाच तोंडं त्यांच्या पगारावर. पण मला म्हणाले काय? “नोकरीचं सोडा, भाऊ. जित्या बाईला मारलं मी. तोबा, तोबा!” त्यांनी ट्रंक बांधायला घेतली. मला रडूच आलं.

साहेब परतले आणि त्यांनी आम्हां दोघांनाही आत बोलावलं. “बाई पहिल्याच रांगेत होत्या,” ते म्हणाले. “आपल्याबद्दल लिहिलेलं सगळं कौतुक ऐकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘जन्मभर तुमची पोरं शिकवली, कुणी चांगला शब्द बोललं नाही. आज मेले, तेव्हा कळलं की मी तुम्हांला आवडत होते!’ सभेत कुणाला वर बघवेना. पुढची प्रकरणंही तुम्हीच टाइप करायची, इस्माईल. बाईंनी बजावलंय.”

इस्माईलभाई मटकन खुर्चीत बसले. साहेबांसमोर ते बसलेले मी तेव्हाच पाहिले.

आज त्यांची साठी. ते समोर बसले आहेत, कान शाबूत आहेत. म्हणून आत्ताच, तोंडावर सांगतो: इस्माईलभाई, आमच्यातल्या कित्येकांना कुवेतमध्ये पहिला घास तुम्ही भरवलात. तुम्ही आम्हांला फार, फार आवडता. तुमच्या अल्लानं आणि आमच्या देवानं मिळून तुम्हांला निरोगी, उदंड आयुष्य द्यावं. आणि आता खाली मान घालू नका, जरा आमच्याकडे बघा.