पाठीनं ऐकलेली गाणी

बावीस वर्षं एक बाई गाण्याच्या कार्यक्रमांना गेली, पहिल्या रांगेच्याही पुढं उभी राहिली, आणि तिनं एकही गाणारा धड पाहिला नाही. खोटं वाटतंय ना? तिच्या नणंदेलाही वाटायचं. पण स्टेजसमोर एक लोखंडी कठडा असतो, कठड्यापलीकडे गर्दी असते आणि अलीकडे चार हात रुंदीची गल्ली. त्या गल्लीत काही माणसं स्टेजकडे पाठ करून उभी असतात. गर्दीत कुणाला चक्कर येते, कोण चेंगरतंय, कोण उगाच अंगचटीला जातंय, हे बघणं त्यांचं काम. ही बाई त्यांतली एक. एकदा उभी राहिली की जागची हलायची नाही, म्हणून बरोबरचे तिला भिंतमावशी म्हणायचे.

कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कानांत बोळे घातलेले असायचे, तरी कुठलं गाणं चाललंय ते ती लोकांच्या तोंडांवरून ओळखायची. विरहाचं गाणं लागलं की बाप्ये आपल्या बुटांकडे बघायला लागतात. जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं गाणं लागलं की नवरा-बायको न ठरवता एकमेकांकडे बघतात, आणि ज्यांचं भांडण झालेलं असतं ते मुद्दाम बघत नाहीत. आणि एवढ्या दणदणाटात कुणी जांभई दिली की समजायचं, गडी आता आडवा होणार. मग कठड्यावरून वाकायचं, काखेत हात घालायचे आणि उचलून अलीकडे घ्यायचं. बाई जेमतेम पाच फूट, पण ऐंशी किलोचा माणूस पोत्यासारखा ओढून काढायची.

"पण एकदाही मागं वळून बघितलं नाहीस?" नणंद विचारायची.

"नाही हो, वन्सं."

हे खरं नव्हतं. एकदा बघितलं होतं. नोकरीचं नववं वर्ष, उन्हाळ्यातला मोठा महोत्सव. बरीच वर्षं एकत्र वाजवणारा एक बँड होता, दर वर्षी यायचा. त्यांचं एक संथ गाणं चाललं होतं आणि अचानक समोरचे सगळेच्या सगळे चेहरे एकदम हसले. हजारभर माणसं एका क्षणी हसली! आता तुम्हीच सांगा, माणूस किती वेळ दम धरणार? असं काय दिसलं यांना, म्हणून ती वळली. दिसले ते नुसते दिवे आणि धूर. एक ओळ संपायच्या आत ती परत फिरली, तर दुसऱ्या रांगेतली पिवळ्या शर्टातली मुलगी जागेवर नव्हती. खाली गेली होती. भिंतमावशीनं कठड्यावरून उडीच मारली आणि तिला बाहेर काढलं, पण खांद्याजवळचं हाड मोडलं होतं.

मुलगी दीड महिन्यात बरी झाली. ऑफिसात येऊन "मावशी, थँक्यू" सुद्धा म्हणून गेली. चौकशीत कुणालाच दोष लागला नाही. पण दोष कुणाचा हे एका माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसानं तो ना नवऱ्याला सांगितला ना नणंदेला. आपण वळलो की कुणीतरी पडतं, ही गाठ मनात बसली ती बसलीच. पुढची तेरा वर्षं तिनं मान फिरवली नाही.

मग टाचांनी असहकार पुकारला आणि त्रेसष्टाव्या वर्षी नोकरी सुटली. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी एक पाकीट हातात ठेवलं. त्यात त्याच उन्हाळी महोत्सवाचे दोन पास होते. "मावशी, आता तोंड तिकडं करून ऐका," असं एकजण म्हणाला आणि सगळे हसले. तीही हसली. घरी येऊन तिनं ते पाकीट टॉवेलांच्या घडीखाली सरकवून दिलं.

नणंदेनं ते हुडकलंच. नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. तीस वर्षं शाळेत खेळ शिकवलेले, त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार तिला माहीत नव्हता. टॉवेल हवा म्हणून कपाट उघडलं आणि पास घेऊनच बाहेर आली.

"वहिनी! हे असे लपवून ठेवलेस? येत्या शनिवारचे आहेत!"

"अहो, माझ्या टाचा..."

"टाचा काय, घरी बसूनही दुखतात. तिथं दुखल्या तर निदान गाणी तरी ऐकू येतील."

"जा गं," नवरा आतून म्हणाला. "दोघी जा. मला एक दिवस या घरात माझा स्वतःचा आवाज ऐकू दे."

झालं! तिकडं जायचं म्हणजे स्टेजकडे बघायचं, आणि बघितलं की कुणीतरी पडायचं. वेडेपणा आहे हे तिलाही कळत होतं. पण रात्रंदिवस उराशी धरलेला वेडेपणा नुसत्या कळण्यानं जात असता तर काय हवं होतं? शनिवारपर्यंत तिला धड जेवण गेलं नाही.

शनिवारी ऊन चांगलंच तापलं होतं. गवताचं मोठं मैदान, तीन तंबू, दोन स्टेज, पाण्याच्या टाक्यांपुढं रांगा. आत शिरल्या शिरल्या भिंतमावशीनं बाहेर पडायचे रस्ते मोजले. मग जमिनीवरची एक वायर नीट चिकटवलेली नाही म्हणून तिथल्या माणसाला सुनावलं. नणंदेनं तोवर दोन टोप्या विकत घेतल्या, एक हिच्या डोक्यावर बसवली आणि पहिल्याच बँडपुढं कंबर हलवायला सुरुवात केली. पोरसवदा चौघे होते, गिटार त्यांच्यापेक्षा वयानं मोठी वाटत होती, पण वाजवत होते जीव तोडून. नणंद खूश! आणि ही? ही स्टेजकडे पाठ करून उभी.

"वहिनी, गाणारे तिकडं आहेत."

"हो, वळते."

"कधी? पुढच्या वर्षी?"

शेजारच्या एका तरुणीला राहवलं नाही. "आजी, तुमचं काही हरवलंय का?"

"काही हरवलेलं नाही," नणंद म्हणाली. "ही अशीच आहे. जित्याची खोड."

दुसरा बँड झाला, तिसरा झाला. एक बाई तर एकटीच अ‍ॅकॉर्डियन घेऊन आली आणि तिनं अख्खं मैदान डोलवलं. भिंतमावशीनं ते डोलणारं मैदान पाहिलं, अ‍ॅकॉर्डियन पाहिलं नाही. नणंदेचा आता चेहरा पडला. "एवढ्या लांब आणलं मी तुला," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली. "तुला आवडत नसेल तर सांग, घरी जाऊ." तेव्हा मात्र हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाच वाजता तो जुना बँड होता. त्या दोघी कठड्यापासून पाच-सहा रांगांवर जाऊन थांबल्या. गल्लीत हिच्या जागी तिशीतली एक उंच बाई होती, नारिंगी जाकीट घातलेली. ओळखीची नव्हती. ढोल दणाणला, तो आवाज हिच्या पाठीतून छातीत आला, आणि सवयीनं तिनं पाय रोवले, तोंड गर्दीकडे केलं आणि रांगांमागून रांगा नजरेखालून घालायला सुरुवात केली.

तिची नजर मागच्या रांगेतल्या एका गलेलठ्ठ गृहस्थावर होती. चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, हात वर, टाळ्या जोरात. तोंडावर रंग चांगला, जांभई नाही, काही नाही. ती सरळ त्याच्याकडेच बघत होती. आणि तिच्या डोळ्यांदेखत तो माणूस गुडघ्यांत मोडला आणि खाली गेला.

हिनं ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडायची गरजच पडली नाही. नारिंगी जाकीटवालीनं मागून हात वर केला असणार, कारण गर्दी बाजूला होत होती, बाजूनं दोघे शिरलेही होते. काखेत हात, पायांखाली हात, उचल! कडवं संपायच्या आत हिनं खांद्यावरून गल्लीपुरतं बघितलं, तर गृहस्थ कठड्यापलीकडे बसून पाणी पीत होते आणि ओशाळून सगळ्यांना अंगठा दाखवत होते.

भिंतमावशी नणंदेचा दंड धरून उभी राहिली. "मी बघत होते," ती म्हणाली. "वन्सं, मी डोळे फाडून त्याच्याकडेच बघत होते. तरी पडला!"

"काय? ऐकू येत नाही!"

"तरी पडला! मी बघत असताना!"

"अगं, मग तू काय दोरी बांधली होतीस त्याला?"

आणि मग तेरा वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. तेही कानाशी तोंड नेऊन, ओरडून, कारण वर वाजवणारे ऐन रंगात होते. पिवळा शर्ट, संथ गाणं, हजार माणसांचं हसणं, सगळं. नेमकं शेवटच्या वाक्याला वरचं गाणं संपलं आणि मैदानभर शांतता झाली. त्या शांततेत "माझ्यामुळं मोडलं तिचं हाड!" एवढंच वाक्य खणखणीत उमटलं. आसपासची वीस डोकी वळली. नणंदेनं त्या सगळ्यांकडे अशी नजर टाकली की वीसच्या वीस डोकी पुन्हा जागेवर गेली.

"हे तू इतकी वर्षं पोटात ठेवलंस?" ती म्हणाली. "ऐक. मी तीस वर्षं मैदानात उभी होते. पोरं माझ्या डोळ्यांसमोर पडली. हातपाय मोडले, दात पडले, एकानं तर माझ्याशी बोलता बोलता मनगट मोडून घेतलं. माझ्या बघण्यानं एक माणूस उभा राहिला नाही कधी. तू मागं बघितलंस, ते चुकलं. बरं, चुकलं. पण धावलीस ना?"

"धावले."

"काढलंस ना तिला?"

"काढलं."

"मग आता तिला सोड. ती पोरगी कधीच विसरली असेल. इतक्यात दोन लेकरांची आई झाली असेल, आणि तू अजून तिला खांद्यावर घेऊन फिरतेयस!"

भिंतमावशीला रडू आलं आणि रडता रडता हसूही आलं. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हेच असणार, कारण तिला खरोखरच आत काहीतरी खाली बसल्यासारखं वाटलं. किती सोपं होतं! आधीच सांगितलं असतं तर? पण ते तरी कुणाला सुचतं वेळेवर. तिनं टोपीनंच डोळे पुसले, आणि वळली.

वर पाच म्हातारी माणसं होती. गाणारा टकला, नाकावर चष्मा, शब्द विसरू नयेत म्हणून पुढं कागद. आणि तो ढोल, बावीस वर्षं तिच्या पाठीवर बडवला गेलेला तो ढोल, एक किडकिडीत, पांढऱ्या केसांची बाई वाजवत होती!

"अहो वन्सं, बाई आहे!"

"मग? मी इतका वेळ काय सांगतेय? बघ म्हणतेय!"

मग तिनं बघितलं. पोटभर बघितलं. गाणाऱ्यानं ओळ चुकवली की ढोलवाली काठी त्याच्याकडे रोखायची आणि अख्खं मैदान हसायचं. त्या दिवशीही लोक ह्यालाच हसले असतील का, असा विचार तिच्या मनात आला आणि निघूनही गेला. टाचा ठणकत होत्या, त्याही तिनं ठणकू दिल्या. चौथ्या गाण्याला ती मोठ्यानं गायला लागली. सूर भयंकर होता, पण शब्द एकूण एक पाठ होते.

गल्लीतली नारिंगी जाकीटवाली बाई रांगांमागून रांगा नजरेखालून घालत होती. तिची नजर ह्या टोपीवाल्या म्हातारीवर येऊन क्षणभर थांबली. तोंडावर रंग आहे, जांभई नाही, गातेय. ठीक आहे, असं तिनं मनाशी ठरवलं असणार, कारण नजर पुढच्या माणसावर गेली.