अण्णाच्या दहाव्याची बिडी

माझी बिडी सुटली होती. चांगली सुटली होती. सोडवली ती थोरल्या भावानं, अण्णानं. लग्नाच्या भानगडीत मी कधी पडलो नाही, त्यामुळं बिदरला मैलूर भागातल्या घरात मला दटावणारं दुसरं कोणी नव्हतंच. अण्णा गावाकडनं, कमठाण्याहून, बाजाराला आला की आधी माझ्या सदऱ्याला नाक लावून बघायचा, मग पाणी मागायचा. स्वतः मात्र शेवटपर्यंत ओढत राहिला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

गेल्या हिवाळ्यात तो गेला. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. बाभळीवर कावळे ढिगानं बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. आमच्याकडं अशा वेळी एकेक जण पुढं होऊन, हात जोडून मेलेल्याला शब्द देतो. अण्णाचे जावई म्हणाले, शेत पडीक पडू देत नाही. मी म्हणालो, वैनीला अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर आलं, पोरंसोरं कंटाळली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की अण्णाचा जीव बिडीत अडकला असेल, एक पेटवून ठेवा.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. बिडी नुसती काडी लावून पेटत नाही, ओढावी लागते. मी ओढली. पिंडाजवळ ठेवून मागं सरलो आणि एक कावळा झपकन उतरला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझं घोडं मात्र तिथंच पेंड खायला लागलं.

बिदरला परतताना बसस्टँडवर अण्णाच्याच छापाचं बंडल घेतलं. खोटं कशाला सांगू, मला बिडी नको होती, अण्णा पाहिजे होता. संध्याकाळी खोलीत धूर भरला की वाटायचं, तो आत हातपाय धुवायलाय, आत्ता बाहेर येईल. मी ओढायचो आणि रडायचो. एवढा मोठा माणूस, पेन्शनवाला मास्तर, नाक पुसत बिडी ओढतोय. कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. बघायला होतं कोण म्हणा.

मग एकदा वैनी डोळे दाखवायला बिदरला आली. दारातच तिला वास आला. ती उंबऱ्यातच उभी राहिली. मीच तावातावानं सुरू झालो. अण्णाचीच इच्छा होती, कावळ्यानं साक्ष दिली, गावानं बघितलं. मास्तरकी अंगात मुरलेली, पुरावे देत सुटलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कावळा बिडीला आला न्हाई, भावजी," ती म्हणाली. "तुम्ही बिडी ओढायलाव बघून मी मनात त्यास्नी म्हणलं, धाकट्याचा घोर करू नका, त्यांची बिडी मी सोडविते. तवा उतरला त्यो."

मला राग आला. कावळाच तो, भूक लागली म्हणून उतरला असेल! पण तिनं नवऱ्याला दिलेला शब्द मी रोज दोन बोटांत धरून जाळत होतो, हे काही खोटं नव्हतं. ती गेल्यावर बंडल बादलीत बुडवलं आणि खिडक्या उघडल्या.

पहिल्या खेपेला सोडली तेव्हा एवढं जड गेलं नव्हतं. तेव्हा नुसती बिडी सोडायची होती. आता धुराचा वास दिवसागणिक उडून चालला, तसा अण्णाही चालला. एके सकाळी उठलो तर घरात काहीच वास नव्हता. फार एकटं वाटलं, भिंतीशी बोलावं इतकं. दुपारभर तळमळलो, आणि दिवेलागणीला पायात चपला चढवल्या. टपरी काय, हाकेच्या अंतरावर. दारात थांबून वैनीला फोन लावला.

तलब आली का, एवढंच तिनं विचारलं. मी व्हय म्हणालो. तर म्हणे, बोलत राहा. आता काय बोलायचं? उभ्या जन्मात आम्ही "जेवलाव का"च्या पुढं गेलो नव्हतो. मग तीच बोलत राहिली. तूर काढून झाली, म्हैस आटली, थोरल्या लेकीचा फोन आला नाही. भाकरीला पीठ घ्यायला गेलं की हात अजून दोघांचंच घेतो म्हणाली. मी चपला काढून खाली बसलो.

बऱ्याच वेळानं जीव थाऱ्यावर आला. तलब गेली वैनी, ठेवू का आता, असं विचारलं.

"ठिवू नका," ती म्हणाली. "हितंबी कुणी न्हाई."