चौकटीबाहेरचे हात

मामा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी भिलाईजवळ हथखोजला माझ्या फ्लेक्स छपाईच्या शेडमध्ये होतो. मशीनच्या आवाजात नीट ऐकू येईना. त्यांच्या शेजारच्यांनी दोनदा सांगितलं तेव्हा कळलं, की सकाळी मामांनी दार उघडलंच नाही... मशीन बंद करून मी कोहक्याला त्यांच्या खोलीकडे निघालो.

आईचा हा धाकटा भाऊ. लग्नसराईत वैशाली नगरात फोटो काढायचे आणि उरलेलं वर्ष कॅमेरा नि चित्रांची वही घेऊन बस्तर, सरगुजा असे हिंडायचे. त्यांची एक रीत होती. आधी माणसाचं पेन्सिलीनं चित्र काढायचं, ते त्यालाच देऊन टाकायचं, आणि मग ते हातात धरलेला त्याचा फोटो घ्यायचा. त्यामुळे घरी चित्र एकही नाही, नुसते फोटो. कांकेरच्या पुढे एकदा मी सोबत होतो. एका म्हातारीनं चित्र निरखून पाहिलं. "ये मोर नाक नोहे," म्हणाली, म्हणजे हे माझं नाक नव्हे. तीनदा खोडायला लावलं. चौथ्यांदा तिला आपलं नाक पटलं, तेव्हा मामा घामाघूम झाले होते आणि भलतेच खूश.

भिलाईत प्रदर्शन भरवायचा आग्रह माझाच. छपाईही माझीच. कॉम्प्युटरवर फोटो लावताना ते चुरगळलेले, उन्हात चमकणारे कागद मला खटकायला लागले. मी सगळे फोटो छातीपासून वर ठेवले, खालचं कापून टाकलं. मामांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, हे मला ठाऊक होतं.

उद्घाटनाआधी ते भिंतीजवळून सावकाश चालत गेले.

"कावून बाप्पा, यायचे हात कुठी गेले?"

"मामा, चेहऱ्यावर नजर राह्यली पाहिजे ना. कागद मधात येऊन राह्यले होते."

"मधात नव्हते येत. त्याच्यासाठीच तर गेलो होतो मी."

एवढंच बोलले. नंतर लोकांनी छपाईचं कौतुक केलं, ते मी हसत हसत घेतलं. पुढची दोन वर्षं मामा घरी येत राहिले, चहा घेत, आईशी गप्पा मारत. मला मात्र पुन्हा एकही फोटो दाखवला नाही. मीही माफी मागितली नाही... वाटायचं, विसरले असतील.

तेरवीनंतर कोहक्याची त्यांची खोली आवरायला गेलो. कपाटात प्रदर्शनातले तेच फोटो होते. प्रत्येकाच्या खालच्या कडेला मामांनी चित्राच्या कागदाची पट्टी चिकटवली होती आणि मी कापलेलं सगळं पेन्सिलीनं पुन्हा काढलं होतं. मनगटं, बांगड्या, बोटं, बोटांत धरलेलं चित्र. मूळ फोटो आहेत, ते मी आता पूर्ण छापणार आहे. पण हे तसेच भिंतीवर लावलेत. सतरा जणांचे हात पूर्ण झालेत. बाकीच्यांखाली पट्टी कोरी आहे. एकीवर फक्त अंगठा काढून झालाय.