झाकलेली चार दारं

आमच्या गल्लीतल्या रंगाऱ्याचं खरं नाव आता कुणाला आठवत नाही. सगळे त्याला ‘दोनहात’ म्हणतात. भिंतीला ओल आली? दोन हात मारू. मेहुण्याचं लग्न मोडलं? होईल ठीक, दोन हात मारले की. सासरा गेला तेव्हा भेटायला आलेल्यांसमोरही हा तेच बोलणार होता, पण बायकोने वेळेवर चिमटा काढला, असं मी सांगत असतो. ते खोटं आहे, पण त्याला शोभतं.

नवा रंग जुना दाखवण्यात मात्र त्याचा हात धरणारा दुसरा नाही. दाराचा एवढासा तुकडा रंगवायचा असला तर तो डब्यातला रंग सरळ लावत नाही. त्यात चिमूटभर राख घालतो, जुन्या डब्याच्या तळाचा गाळ घालतो, आणि दार पाच वर्षं असंच होतं असं वाटायला लावतो. ‘डागडुजी दिसली तर तो रंगारी कसला,’ असं म्हणतो. याच कसबाने पुढे घोळ केला.

गल्लीत चाळीसेक दारं आहेत. त्यातली काही ‘त्यांची’. त्यांचे पणजोबा इथे आले, तरी आमची मंडळी त्यांना अजून ‘नवे लोक’ म्हणतात. मी त्यांच्या कितीतरी नंतर राहायला आलो, पण मला कुणी नवा म्हणत नाही. त्यांच्यातलीच शिवणताई. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत ती आणि शाळेत जाणारी मुलगी. ताईने माझ्या पँटची कंबर तीनदा सैल केली आणि गल्लीत कुणापाशी बोलली नाही. एवढं पोटात ठेवणारी बाई मला तरी दुसरी माहीत नाही.

एका गुरुवारी तिने पहाटे दार उघडलं तर दारावर काळ्या रंगात लिहिलेलं. त्या लोकांसाठी वापरतात तो घाणेरडा शब्द, खाली ‘चालते व्हा’, आणि त्याच्याही खाली मुलीचं नाव, इयत्ता, तुकडी. ताईने पहिला फोन दोनहातला केला. गल्ली जागी होईपर्यंत दार स्वच्छ. पण मुलगी आईच्या मागेच उभी होती, तिने सगळं वाचलं होतं. दप्तर भरलं, आणि पायरीवर येऊन परत फिरली. शाळेत जाणार नाही म्हणाली. तेव्हा ताईने ठाण्यात फोन केला.

दहाच्या सुमाराला साहेब आले. मी पँट घ्यायला म्हणून तिथे होतो. पँट तयार नव्हती, पण मी बसलो.

साहेबांनी दार उघडलं, मिटलं, बोट फिरवून बघितलं. “ताई, हे दार माझ्या घराच्या दारापेक्षा चांगलं आहे. लिहिलं कुठे होतं?”

“पुसून घेतलं.”

“फोटो?”

“असलं फोनमध्ये ठेवू? मुलगी फोन बघते.”

दोनहातला बोलावलं. तो हात पुसत आला.

“काय लिहिलं होतं?” साहेबांनी विचारलं.

“मी वाचत नाही साहेब. झाकतो.”

“पाच वर्षं मी इथे आहे. या गल्लीतून असली एक तक्रार नाही. शांत वस्ती आहे ही.”

“शांत कसली, चार दारं...” दोनहात बोलून गेला.

“कुठली चार?”

दोनहात आपल्या चपलांकडे बघत राहिला. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने नीट समजावलं. एकच दार असेल तर टवाळ पोरांनी दार खराब केलं, एवढंच लिहिता येतं. पण तीन-चार दारं, आणि सगळी याच लोकांची, तर तो द्वेषाचा गुन्हा. तसा लिहावा लागेल, वर पाठवावा लागेल, गस्त लावावी लागेल. “शनिवारी चारला ठाण्यात या. दारं सांगा.”

साहेब गेल्यावर ताई मशीनवर बसली, पण पाय हलवला नाही. “दार खराब केलं एवढंच लिहिणार असतील तर मी भावाच्या गावाला जाते. दाराचं काय, दार नवं येतं.”

संध्याकाळी दोनहात माझ्याकडे आला. मी आधी भांडलो. गल्लीत चार दारांवर असलं लिहिलं जातं आणि मला पत्ता नाही? या गल्लीत कुणाच्या दुधावर साय किती येते ते मला ठाऊक असतं.

“त्यांनी सांगू नको म्हटलं होतं,” तो म्हणाला. “मी शब्द दिला होता. आता नाही सांगितलं तर ताई जाते, सांगितलं तर त्यांचा विश्वास जातो. तुम्हीच सांगा, काय करू?”

मला सुचेना. मला न सुचणं ही नवीच गोष्ट होती. शेवटी ठरलं, एकेका दारी जाऊन विचारायचं. मी बोलण्यात पटाईत, म्हणून मला बरोबर घेतलं.

पहिलं दार दाताच्या डॉक्टरचं. त्याने आम्हाला रुग्णाच्या खुर्चीपाशीच उभं ठेवलं. “माझ्याकडे येणारा माणूस आ करून माझ्या हातात तोंड देतो. त्याला कळलं की या दारावर काय लिहिलं होतं, तर तो पुढच्या वेळी तेच वाचत आत येईल. मी मुलांना चेंडू लागला म्हणून सांगितलंय. तुम्ही नाव घेतलंत तर मी नाही म्हणेन.” मी तोंड उघडलं. त्याने आतलं बघून घेतलं आणि दाढ काढावी लागेल म्हणाला. माझं बोलणं तिथेच संपलं.

निवृत्त पोस्टमन आजोबांकडे उलटंच. “मी तक्रार केली होती की,” ते म्हणाले. “आठ वर्षं झाली. तेव्हाच्या साहेबाने चहा पाजला, पोरांची चेष्टा आहे म्हणाला, कागद केलाच नाही. म्हणून मग याला म्हटलं, कुठे बोलू नको. आयुष्यभर लोकांचे कागद पोचवले मी. माझा एक पोचला नाही. येतो शनिवारी.”

“आणि चौथं?” मी रस्त्यात विचारलं.

दोनहातने चालता चालता हातावरचा रंग खरवडला. “माझंच.”

मला विसरच पडला होता. त्याची बायको, आमच्या वहिनी, त्यांच्यातल्या. या लग्नाची बातमी मी तीस वर्षांपूर्वी मीठमसाला लावून सहा महिने पुरवली होती, आणि तेच विसरलो होतो.

“वहिनींना माहीत आहे?”

“ती बहिणीकडे होती. ती यायच्या आत मारले दोन हात.”

मी घरी जायला हवं होतं. पण मी त्याच्या स्वयंपाकघरापर्यंत गेलो. वहिनी भाजी निवडत होत्या. त्याने सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, भिंतीकडे बघत. त्याला वाटलं होतं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत.

“काय लिहिलं होतं?”

“मी वाचत...”

“वाचलंत तुम्ही.”

त्याने हळू आवाजात सांगितलं. मी बाहेर बघत होतो, पण कान आतच होते.

“मला लिहिलेलं होतं ना ते?” वहिनी म्हणाल्या. “मग मला न विचारता पुसलंत कसं? दोन वर्षं मी त्या दारातून आत-बाहेर करतेय, सगळ्यांना हसून बोलतेय. त्यातल्या कुणी लिहिलं असेल ते मला कळायला नको?”

“तुला त्रास नको म्हणून...”

“त्रास तुम्हाला नको होता.”

खरं कोण बोलत होतं, मला अजून सांगता येत नाही. दोघंही, बहुतेक.

शनिवारी ठाण्यात ताई, आजोबा आणि वहिनी बाकावर ओळीने बसले. साहेबाने कागद घेतला. आजोबांनी तारीख, वार, पावसाची उघडीप सगळं सांगितलं. दोनहातची मात्र पंचाईत. तारीख विचारली तर म्हणाला, “दार तेव्हा पिस्ता रंगाचं होतं.” साहेबाचं पेन थांबलं. वहिनींनीच सांगितलं, “मार्च. मी बहिणीकडे होते तो आठवडा.” मग लिहिलेले शब्द सांगायची वेळ आली. दोनहातच्या तोंडून ते त्या तिघांसमोर निघेनात. ताईने सांगितले, माप सांगावं तसे, एकेक. साहेबाने मान खाली घालून लिहिले.

“आणि चौथं?”

दोनहातने माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे.

“तीनच,” तो म्हणाला.

“परवा चार म्हणालात.”

“मोजायला चुकलो.”

साहेबाने एकदा बाकावरच्या तिघांकडे बघितलं. मग त्याने कारणाच्या रकान्यात ‘द्वेष’ लिहिलं आणि पुढे आकडा घातला, तीन. ताईने खाली सही केली.

बाहेर पायऱ्यांवर दोनहात मला म्हणाला, “खोटं बोललो का मी?”

“हो.”

“मग खरं बोलायला हवं होतं?”

“नाही... म्हणजे, माहीत नाही बुवा.”

पुढे चालणाऱ्या ताईने वळून सांगितलं की सोमवारी मुलीला शाळेत सोडायला ती स्वतः जाणार आहे, आणि भावाकडे जायचं काय ते त्यानंतर बघू. वहिनींनी तिला विचारलं, मीही येऊ का सोबत. दोनहात म्हणाला, मीही येतो. “तुम्हाला विचारलंय का?” वहिनी म्हणाल्या, आणि ताईचा हात धरून पुढे गेल्या.